वरचा आकडा, खालचा आकडा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर मी फार चढ्या आवाजात बोलले. तू फोन ठेवलास ते ठीकच केलंस. माझा आवाज मी मागे घेते, पण गोळीबद्दल जे बोलले ते नाही.

ऑफिसजवळच्या त्या डॉक्टरांनी सांधे दुखतात म्हणून प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी लिहून दिली, रोज 30 मिलीग्राम. तुला सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे कातडी आणि आतले अवयव कडक करणारा स्क्लेरोडर्मा, आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. या आजारात रोजचं स्टेरॉइड 15 मिलीग्रामच्या वर गेलं की किडनीवर अचानक संकट येण्याचा धोका वाढतो. आजच तुझ्या रुमॅटॉलॉजिस्ट मॅडमना फोन कर आणि किती गोळ्या पोटात गेल्या ते सांग. स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, कशी उतरवायची ते त्या सांगतील. दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅकही घेऊ नकोस, तीही किडनीला आणि तुझ्या जळजळीला वाईटच.

तुझाच धोका जास्त का, ते सांगते. तुझ्या रक्ताच्या रिपोर्टात या आजाराच्या तीन अँटिबॉडी तपासल्या: सेंट्रोमिअर निगेटिव्ह, एससीएल-70 निगेटिव्ह, पण आरएनए पॉलिमरेज-3 पॉझिटिव्ह आहे. त्यात कातडी कोपराच्या वर दंडापर्यंत घट्ट झालेली, म्हणजे डिफ्यूज, अंगभर पसरणारा प्रकार. या दोन्ही गोष्टी असलेल्यांची किडनी पहिल्या चार-पाच वर्षांत जपावी लागते, आणि तुला अजून दोनही झालेली नाहीत. या आजारात केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या आतून इजा होऊन जाड होतात. किडनीतल्या वाहिन्या अरुंद झाल्या की किडनीला वाटतं, शरीरात रक्तच कमी पडलंय. ती रेनिन हे बीपी चढवणारं द्रव्य सोडते, बीपी चढतं, चढलेल्या बीपीने वाहिन्या आणखी आवळतात. हे चक्र काही दिवसांत फिरतं.

म्हणून बीपी. आठवड्यातून तीनदा, आणि या गोळ्या सुरू आहेत तोवर रोज. आधी अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन यायचं, खुर्चीला पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पावलं जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीला टेबलावर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहायचे. तुझं नेहमीचं 104 वर 66. उद्या 134 वर 88 आलं तर कुणीही म्हणेल, नॉर्मल आहे. तुझ्यासाठी ते नॉर्मल नाही, वरचा आकडा तीसने चढलाय. तसं दिसलं, किंवा डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे धूसर झालं, दम लागला, तर सकाळची वाट न बघता इस्पितळात जायचं आणि दारातच 'मला स्क्लेरोडर्मा आहे, क्रिएटिनिन आणि लघवी तपासा' म्हणायचं. 1970च्या दशकाच्या अखेरीस कॅप्टोप्रिल हे रेनिनचं चक्र तोडणारं बीपीचं औषध आलं आणि किडनीच्या या संकटात जे जवळजवळ हमखास दगावायचे त्यातले बरेच वाचू लागले. मात्र ते औषध वेळेत सुरू व्हावं लागतं. आणि खबरदारी म्हणून आधीपासून घ्यायचं नसतं, हेही लक्षात ठेव.

बीपी पुरे आता. तूच म्हणतेस, आई, तुझा प्रत्येक फोन बीपीवर येतो.

हातांचं. फ्रिजमधून दुधाची पिशवी काढताना तुझी अनामिका मधल्या पेरापासून खडूसारखी पांढरी पडायची, पांढरं कुठे संपतं तिथे रेघ मारल्यासारखं दिसायचं, मग निळी, मग लाल. ती रेनॉडची, म्हणजे थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या आवळण्याची, खूण होती. मी मात्र 'हातमोजे घाल' म्हणत राहिले. माईंची अंगठी निघेना तेव्हाही आपण साबण लावत बसलो. ते सगळं मनातून जात नाही माझ्या.

निफेडिपिन, ती वाहिन्या सैल करणारी गोळी, थंडीत चुकवू नकोस. नुसते हात झाकून भागत नाही, अंग गरम राहिलं तर बोटांना रक्त पोचतं, म्हणून स्कूटरवर आधी जाकीट, मग मोजे. सर्दीला दुकानातली नाक मोकळं करणारी गोळी घेऊ नकोस, बहुतेकींत वाहिन्या आवळणारं औषध असतं. बोटाच्या टोकाला बारीक खड्डा पडला तर फोटो काढून मॅडमना पाठव, त्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. ऑक्सिमीटर गार बोटाला लावून 86 दाखवलं म्हणून ओंकार घाबरला होता. बोटात रक्तच नसेल तर यंत्र काय मोजणार? कानाच्या पाळीला लावायचा असतो तो वेगळा मिळतो.

जेवण आणि झोप यांत तीन तास. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांच्या विटा किंवा लाकडी ठोकळे. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं आणि आम्ल उलट जास्त वर येतं. मायकोफेनोलेट, ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, सुरू आहे तोवर बाळाचा विचार नको, आणि हवं असेल तर किमान सहा आठवडे आधी मॅडमच्या सल्ल्याने बदलून घ्यायचं. आईने लिहावं की नाही कळत नाही, पण लिहिलं. फुफ्फुसांची फुंकणीची तपासणी मॅडम सांगतील त्या महिन्यांनी, हृदयाची इको वर्षातून एकदा, 'बरं वाटतंय' म्हणून टाळायची नाही. फुफ्फुसं कडक व्हायला लागतात तेव्हा सुरुवातीला काही कळतच नाही.

बघ, व्याख्यानच झालं. माफ कर. तुला आकडे माझ्याइतकेच कळतात.

दिवाळीत पाणीपुरी तुझ्या तोंडात अख्खी मावेना, तू ती हळूच फोडून चमच्याने खाल्लीस आणि कुणाला कळू दिलं नाहीस. मला कळलं. दोन्ही अंगठे गालांच्या आत घालून कोपरे बाहेर ताणायचे, पाच आकडे मोजायचे, सकाळ-संध्याकाळ दहा वेळा. आरशासमोर कर. आणि त्याच दिवाळीत, बोटं धड मिटत नसताना, तू दारात अकरा ते अकरा ठिपक्यांची रांगोळी काढलीस. ओळ एकही वाकडी नव्हती. बाबा दोनदा बाहेर जाऊन बघून आले, तुला बोलले नाहीत.

मशीन आज कुरिअरने पाठवलं आहे, दंडावर लावायचं, मनगटावरचं नव्हे. तुझे दंड बारीक झालेत म्हणून लहान पट्टाही घेतला. दंडाच्या मानाने पट्टा मोठा असला तर आकडा खोटा कमी दाखवतो. सेल डब्यातच आहेत. पहिले दोन आकडे मोजलेस की मला पाठव, वरचा आणि खालचा. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
आई