तुम्ही तुमच्याच घरी राहा

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर बाबा लगेच आईकडे फोन देतात आणि आई "सगळं ठीक आहे" म्हणून मोकळी होते, म्हणून लिहितेय.

2021 च्या ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी आठ नामांकनं होती. त्यातले चार मी या महिन्यात पाहिले. बक्षीस 'नोमॅडलँड'ला मिळालं, पण माझं मत 'द फादर'ला. अँथनी हॉपकिन्सना त्यासाठी वयाच्या 83 व्या वर्षी अभिनयाचं ऑस्कर मिळालं, ते रास्तच. पण मला हलवलं ते त्यातल्या घरानं. विसरायला लागलेल्या त्या बापाभोवतीचं घर हळूहळू बदलतं. भिंतीवरचं चित्र नाहीसं होतं, सामान वेगळंच दिसतं, आणि आपणही त्याच्यासारखेच चाचपडत राहतो. लोक त्याच्यासाठी रडत असतील. मी त्याच्या मुलीसाठी रडले. तिला पॅरिसला जायचं असतं. चित्रपट तिला दुष्ट ठरवत नाही, आणि सोडूनही देत नाही.

तर, तुम्हाला माझ्याकडे आणायचं मी रद्द केलंय. दादाशी बोललेय. अंग काढून घेतेय असं कृपा करून समजू नका. बाबांना काही झालंय असंही मी मुळीच म्हणत नाही. पण ते रात्री दिवा न लावता पाण्याच्या तांब्यापर्यंत जातात, ते घर पायांना पाठ आहे म्हणून. इथे त्यांना रोज नव्यानं भिंत शोधावी लागेल.

'नोमॅडलँड' मला तितका भिडला नाही. त्यात एकटेपण जरा जास्तच देखणं दिसतं. पण त्यातल्या, व्हॅनमध्ये राहणाऱ्या फर्नला कुणाच्या घरी चांगला पलंग मिळतो आणि ती रात्री उठून आपल्या व्हॅनमध्ये जाऊन झोपते, तिथे मी थांबले. आई, माझ्याकडे होतीस तेव्हा तू पहाटे तीनला गॅलरीत जाऊन बसायचीस. मी चिडले होते. चुकलंच माझं.

1 तारखेपासून रात्री सोबतीला एक बाई येतील. नको म्हणू नका, ठरलंय. त्या तुमच्या कशात लुडबुड करणार नाहीत, बाहेरच्या खोलीत झोपतील. बाबांची खुर्ची, रेडिओ, आईचा कोपरा, सगळं जागच्या जागी राहील. जिन्यावरचं ते पुन्हा व्हायला नको, एवढंच.

बाबा, 'साउंड ऑफ मेटल' बघा. ऐकू येईनासं झालेल्या ड्रमरच्या कानांनी तो आपल्याला ऐकवतो, पाण्याखालून आल्यासारखं. जेवताना आम्ही हसलो की तुम्ही क्षणभर उशिरा हसता, ते आठवलं. शस्त्रक्रियेनंतर त्याला जग पत्र्यासारखं ऐकू येतं, त्यानं घाबरू नका. तुमचं यंत्र कानाला नुसतं लावायचं आहे. सुरुवातीला भांड्यांचा आवाज टोचेल. रोज तास-दोन तास लावून सवय करा. उद्याच ड्रॉवरमधून काढा.

लहानपणी पडद्यावर कुणी मरायला लागलं की तुम्ही माझ्या डोळ्यांवर हात ठेवायचात, बोटांत मात्र फट ठेवायचात. 'मिनारी'च्या शेवटाला मला तो हात हवा होता. त्यातली आजी पत्ते खेळताना शिव्या देते, अगदी आपल्या आजीसारखी. आई, तो एकटीनं बघू नकोस. मी पुढच्या महिन्यात येतेय, तेव्हा तिघं बसून बघू. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला माणूस येईल, त्याला परत पाठवू नका.

तुमची,
धाकटी