कोळशाचा गॅस करा, पण मुरगावात नको

सन्माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं. त्यांचं म्हणणं, मुरगाव बंदरात उतरणाऱ्या कोळशाला नुसता विरोध करत बसण्यापेक्षा बंदरालगतच कोळशाचं गॅसिफिकेशन, म्हणजे कोळशाचा गॅस करणं, सुरू करा, म्हणजे वास्कोची धूळ जाईल, वेर्णा-कुंकळ्ळीच्या कारखान्यांना स्वस्त गॅस मिळेल आणि वर गोव्याची स्वतःची वीज होईल. तळमळीनं लिहिलंय, टिंगल करायची नाही मला, पण मी स्वतः कोळशाच्या गॅसवर काम केलेला माणूस आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

मी अडीच वर्षं गुजरातेत मोरबीला होतो, टाइल्सच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. तेव्हा तिथे भट्टीला लागणारा गॅस बरेच जण जागेवरच बनवायचे. उभा गोल लोखंडी गॅसिफायर, वरून कोळसा टाकायचा, खालून हवा आणि वाफ सोडायची, हवा मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे कोळसा पुरता जळत नाही, अर्धवट जळून त्याचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होतो, तोच आपला गॅस. त्यात निम्मा नायट्रोजनच, कारण हवेतला नायट्रोजन जाणार कुठे, म्हणून घनमीटरला १२००-१४०० किलोकॅलरी मिळाली तरी खूप झालं, पाइपातून येणाऱ्या नैसर्गिक गॅसला साधारण ८५०० असते. पण स्वस्त पडायचा ना! आत राखेचे गठ्ठे धरले की वरच्या भोकांतून लांबलचक सळ्या घालून ढोसत बसायचं. मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखायला लागलं की बाहेर पळा, एवढीच सेफ्टी. आणि गॅस थंड केला की खाली उरायचं ते टार आणि फिनॉलचं काळं पाणी. त्याचा वास कपड्यातून दोन धुण्यांतही जात नसे, बायको माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. ते पाणी रात्री टँकरनं जायचं. कुठे जातं विचारलं तर सुपरवायझर म्हणायचा, तू तुझं बेल्ट-बेअरिंग बघ. शेवटी मार्च २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मोरबीचे कोळशाचे गॅसिफायर बंद करायला लावले आणि कारखाने पाइपच्या गॅसवर गेले. म्हणजे "इंडस्ट्रीला स्वस्त गॅस" हा प्रयोग आपल्या देशात होऊन गेलाय, नवीन काही नाही.

आता कुणी म्हणेल ती जुनी खटारा पद्धत. मान्य. मोठ्या प्लांटमध्ये हवेऐवजी ऑक्सिजन देतात, काही प्रकारांत तापमान इतकं चढतं की टार उरतच नाही, गंधक जाळायच्या आधीच वेगळं काढता येतं, आणि मिळणाऱ्या गॅसपासून, त्याला सिनगॅस म्हणतात, युरिया, मिथेनॉल, पाहिजे ते करा. जामनगरला रिफायनरीच्या पेटकोकचा, म्हणजे तेल शुद्ध करून शेवटी उरणाऱ्या कोळशासारख्या घट्ट गाळाचा, असा गॅस प्रचंड प्रमाणात करतात. पण पेटकोकमध्ये राख जवळजवळ नसतेच आणि आपल्या देशी कोळशात ३० ते ४० टक्के राख, घोडं पेंड खातं ते तिथे. तालचेर आणि रामगुंडमला १९८० साली कोळशापासून युरिया करायचे सरकारी कारखाने सुरू झाले होते, १९९९पर्यंत दोन्ही बंद. रामगुंडम परत उभं राहिलं ते नैसर्गिक गॅसवर. तालचेरला मात्र पुन्हा कोळशाचाच घाट घातलाय, २०१८मध्ये पायाभरणी झाली, वर्षाला १२.७ लाख टन युरियाचा प्लांट, आणि राखेचं प्रमाण खाली आणायला कोळशात पेटकोक मिसळायचा बेत आहे. ते जमावं असं मला मनापासून वाटतं. सरकारनं २०३०पर्यंत १० कोटी टन कोळशाचा गॅस करायचं टार्गेट ठेवलंय आणि जानेवारी २०२४मध्ये त्यासाठी ८५०० कोटी मंजूर केले, त्यातले पैसे खाणीच्या तोंडाशी खत आणि मिथेनॉल करण्यात गेले तर माझी काही तक्रार नाही.

विजेचं मात्र विसरा. कोळशाचा गॅस करून आधी गॅस टर्बाइन आणि मग तिच्या उष्णतेवर वाफेची टर्बाइन फिरवायची, कागदावर फार देखणं दिसतं. आपल्याकडे भेलने तिरुचिरापल्लीला ८०च्या दशकात ६.२ मेगावॉटचा असा पायलट प्लांट चालवून दाखवला होता, त्याचं कौतुकच आहे, पण त्याचा मोठा भाऊ काही जन्माला आला नाही. नेदरलँड्समधला बुग्गेनुमचा २५३ मेगावॉटचा प्लांट चांगला वीसेक वर्षं चालला आणि २०१३मध्ये परवडत नाही म्हणून बंद केला. अमेरिकेत मिसिसिपीत केम्परला तर ७ अब्ज डॉलरच्या वर गेले, २०१७मध्ये गॅसिफायरचा नाद सोडून ते नैसर्गिक गॅसवर गेले आणि २०२१मध्ये तो सगळा सांगाडा सुरुंग लावून पाडला. ज्यांच्याकडे पैसा आणि इंजिनिअर दोन्ही ढिगानं आहेत त्यांची ही गत, आणि आपण इथे मुरगावच्या सड्यावर करणार?

बरं, मूळ मुद्दा राहिलाच. मुरगावला उतरणारा कोळसा आपल्यासाठी येतो असं त्या वाचकांना वाटतंय बहुतेक. तो येतो बळ्ळारीकडच्या स्टील कारखान्यांसाठी, मुख्यतः कोकिंग कोळसा, म्हणजे स्टीलच्या भट्टीला लागणारा कोक ज्यापासून बनतो तो, परदेशातून, आणि रेल्वेनं कुळे-मोलेवरून घाट चढून जातो. कोकिंग कोळशाचा गुण असा की तापला की फुगतो, मऊ होतो आणि एकमेकाला चिकटतो, कोक बनवायला तेच पाहिजे असतं पण मी वर सांगितलं तसल्या गॅसिफायरमध्ये घातला तर आत एक मोठ्ठा पाव भाजून तयार! शिवाय एवढा महाग कोळसा कोण गॅस करायला देणार? म्हणजे गॅसिफायरसाठी वेगळा कोळसा वेगळ्या बोटीनं आणावा लागणार, आहे त्याच्यावर आणखी, तो पण धक्क्यावर उतरणार, ढीग लागणार, दळला जाणार. धूळ जाणार कशी ते मला तरी कळलं नाही, सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी बोटानं नाव लिहिण्याजोगी होते आमची. आणि ऑक्सिजन प्लांट, वाफ, कूलिंग टॉवर, ह्यांना लागणारं पाणी कुठून, साळावली धरणातून? मे महिन्यात बायण्याला नळाला किती धार असते ते येऊन बघा. गॅस तर गोव्यात पाइपलाइननं येतोच, सांकवाळचा खत कारखाना नाफ्था सोडून त्यावर गेला त्यालाही बरीच वर्षं झाली.

एक गोष्ट मात्र त्या पत्रात नव्हती आणि असायला हवी होती. ओडिशात अंगुलला जिंदालचा प्लांट आहे (हा नवीन जिंदाल यांचा, आपल्या बंदरावरचे ते सज्जन जिंदाल, दोघे सख्खे भाऊ), तिथे देशी कोळशाचा सिनगॅस करून त्यावर लोखंड बनवतात, स्पंज आयर्न. कोक लागत नाही. म्हणजे असं लोखंड जेवढं जास्त होईल तेवढा परदेशी कोकिंग कोळसा कमी लागणार, आणि तेवढ्या वाघिणी ह्या रेल्वेमार्गावरच्या चांदर गावच्या फाटकातून कमी जाणार. नोव्हेंबर २०२०मध्ये ह्याच चांदरला लोक मेणबत्त्या घेऊन रात्रभर रुळांवर बसले होते, गोंयांत कोळसो नाका म्हणत, मीही होतो, गुडघे दुसऱ्या दिवशी बोलत होते. आमच्या आमदार-खासदारांना दिल्लीत काही मागायचंच असेल तर हे मागा, गॅसिफिकेशनचे पैसे आधी स्टीलवाल्यांना द्या आणि अट घाला की बाहेरून येणारा कोकिंग कोळसा एवढा कमी केला पाहिजे.

आपण अगदी धुतल्या तांदळाचे आहोत असं नाही, हेही लिहितो नाहीतर कोणीतरी लिहीलच. माझ्या घरातला पंखा फिरतो त्यातली बरीच वीज कोरबा-विंध्याचलहून येते, कोळसाच जाळून, फक्त तिथल्या लोकांच्या खिडक्यांवर बसतो तो. म्हणून कोळसा उद्यापासून बंद असं मी म्हणत नाही.

त्या वाचकांना एवढीच विनंती, त्यांचा प्लांट कुठल्याही टेक्नॉलॉजीचा असू दे, गॅस धुतलेलं पाणी कुठे सोडणार ते पुढच्या पत्रात लिहावं. जागेचं नाव घालून लिहावं, म्हणजे आम्हाला आत्तापासून जाऊन बसता येईल तिथे.

आपला,
एक वाचक
बायणा, वास्को