छायाचित्रावरून पेटंटभंग ठरत नाही

महोदय,

वैद्यकीय उपकरणांच्या पेटंटवादाच्या बातमीत दोन उपकरणांची छायाचित्रे शेजारी-शेजारी छापली जातात आणि 'नक्कल' हा शब्द मथळ्यात येतो. कोर्ट दोन उपकरणे एकमेकांशी ताडत नाही. पेटंटाच्या शेवटी क्रमांकवार लिहिलेले क्लेम (म्हणजे शोधाची हद्द ठरवणारी वाक्ये) एका बाजूला आणि समोरच्याचे उपकरण दुसऱ्या बाजूला, असे ताडते. क्लेमला मराठीत 'दावा' म्हटले की गोंधळ वाढतो, कारण खटल्यालाही आपण दावाच म्हणतो. म्हणून या पत्रात क्लेम हाच शब्द ठेवला आहे.

शब्दाशब्दावर किती अडते, ते अमेरिकेतल्या बेक्टन डिकिन्सन विरुद्ध टायको हेल्थकेअर या प्रकरणात दिसले. वाद सुरक्षा-सुईचा होता. इंजेक्शन दिल्यावर दुमडलेला बिजागरीचा हात उलगडतो, टोपण सरकून सुईचे टोक झाकते आणि वापरलेली सुई नर्सच्या बोटात शिरत नाही. क्लेममध्ये सुई, सरकते टोपण, बिजागरीचा हात आणि 'त्या हाताला जोडलेली' स्प्रिंग असे भाग वेगवेगळे लिहिले होते. टायकोच्या सुईत सुटी स्प्रिंग नव्हतीच. बिजागऱ्यांमध्येच ताण साठे आणि हात ठरावीक बिंदूपुढे गेला की तोच ताण टोपण पुढे ढकली. ज्यूरीने सुमारे ५.८ कोटी डॉलरची भरपाई दिली. २०१० मध्ये अपील कोर्टाने तो निकाल उलटवला. भाग वेगळे लिहिले तर उपकरणातही ते वेगळे हवेत. बिजागरीलाच स्प्रिंग मानले तर हात स्वतःलाच जोडलेला आहे, असे म्हणावे लागेल! एका न्यायाधीशाने भिन्नमत नोंदवले, पण बहुमतच योग्य वाटते. स्प्रिंग 'सुटी किंवा बिजागरीतच घडवलेली' एवढे मसुद्यात लिहायला कोणी अडवले नव्हते.

आपल्याकडे ज्यूरी नाही, पण काम असेच चालते. क्लेमचे तुकडे पाडून डाव्या रकान्यात मांडायचे आणि प्रत्येकासमोर उपकरणातला भाग लिहायचा. एक जरी रकाना रिकामा राहिला तरी शब्दशः भंग होत नाही. मग प्रश्न उरतो समतुल्यतेचा, म्हणजे किरकोळ बदल करून मूळ कल्पनाच उचलली आहे का. मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये छेडछाडरोधक कुलूप-सीलच्या प्रकरणात त्याचा विचार केला होता. क्लेममध्ये 'कम्प्राइझिंग' (म्हणजे 'हे भाग असलेले', इतरही चालतील) असेल तर जादा भाग बसवून सुटका होत नाही. 'कन्सिस्टिंग ऑफ' (म्हणजे 'एवढेच भाग असलेले') असेल तर होऊ शकते. पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाच्या आक्षेपांना अर्जदाराने दिलेली उत्तरेही वाचावीत, कारण पेटंट मिळवण्यासाठी तिथे अर्थ आवळलेला असतो.

लहान उत्पादकांची नेहमीची चूक म्हणजे १८ महिन्यांनी प्रसिद्ध झालेल्या अर्जातले क्लेम वाचून घाबरणे. मंजुरीपर्यंत ते बहुधा अरुंद होतात. अमेरिकी पेटंट इथे लागू नसते. शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर तर आपल्या कायद्याच्या कलम ३(आय) मुळे पेटंटच मिळत नाही. मंजूर क्लेम पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. नूतनीकरण शुल्क भरले आहे का, तेही तिथेच कळते. ते थकले असेल तर पेटंट संपुष्टात आलेले असू शकते.

अशा बातमीत यापुढे पेटंट क्रमांक आणि वादातला क्लेम क्रमांक छापावा, ही विनंती.

– एक पेटंट एजंट, पुणे