भागीदारीच्या कागदावर सही करण्याआधी

दादर, मुंबई

प्रिय मन्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कंपन्यांत पैसा गुंतवणाऱ्या तुमच्या फंडात पार्टनर करतायत तरी आनंदाऐवजी धास्ती का वाटते, असं तू विचारलंस. मला तुझी धास्ती रास्त वाटते. या हुद्द्यावर माणूस चांगला राहतो तो वेळेला 'नाही' म्हणता येतं म्हणून. ते म्हणता येईल की नाही, हे घरचा ठरलेला खर्च, करारातली दोन-तीन कलमं आणि आधीच लिहून ठेवलेले निकष ठरवतात. नुसतं मन खंबीर असून भागत नाही. म्हणून हे पत्र जरा हिशेबी होणार आहे, चालवून घे.

आधी घराचं. पार्ल्यातल्या मोठ्या फ्लॅटसाठी चार कोटींचं कर्ज काढायचं तुझ्या मनात आहे. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं धरली तर हप्ता महिना सुमारे ३ लाख ४७ हजार, म्हणजे वर्षाला जवळजवळ ४२ लाख. उत्पन्न एक ते दोन कोटींच्या दरम्यान असेल तर वरच्या प्रत्येक रुपयावर ३० टक्के कर, त्यावर १५ टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर, मिळून ३५.८८ टक्के जातात. नुसत्या हप्त्यासाठी ६५ लाखांचा पगार लागतो. एवढा पगार देणाऱ्या जागा मुंबईत मोजक्या, आणि त्या चालवणारी माणसं एकमेकांना ओळखतात. गुंतवणूक समितीत एखाद्या सौद्याला विरोध करायची वेळ आली की हा हप्ता आधी आठवेल. माझं मत स्पष्ट आहे: बोनस आणि कॅरी, म्हणजे फंडाच्या नफ्यातला पार्टनरांचा वाटा, शून्य धर, आणि नुसत्या पगारातून हातात येणाऱ्या रकमेच्या एक तृतीयांशावर हप्ता जाऊ देऊ नकोस. मग कर्ज दोन कोटींचं होईल आणि फ्लॅट लहान होईल. होऊ दे.

त्याखेरीज दोन वर्षांचा घरखर्च, हप्त्यासकट, बाजारापासून लांब ठेव. लिक्विड फंड आणि मुदत ठेवी पुरेत, पण ठेवी विभागून ठेव, कारण ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे. आणि 'पुरे' कधी म्हणायचं तो आकडाही आत्ताच काढ. वर्षाला ४ टक्के काढत जाण्याचा नियम अमेरिकेतल्या आकडेवारीवरून आलाय. आपली महागाई आणि आईवडिलांच्या आजारपणाचा खर्च पाहता ३ टक्के धर. हप्ता सोडून घरखर्च ३६ लाख असेल तर तेहेतीस पट, म्हणजे साधारण १२ कोटी. कागदावर लिही, बायकोला दाखव, दोघं मिळून तारीख टाका. आकडा मनातच राहिला की दर बोनसला तो वाढतो.

आता कॅरी. तुमचा नवा फंड १,५०० कोटींचा आहे. शुल्कं बाजूला ठेवून ढोबळ बोलतो. पैसा सरासरी सहा वर्षं अडकला तर ८ टक्क्यांच्या हर्डलनं, म्हणजे गुंतवणूकदारांना आधी द्यायच्या किमान परताव्यानं, तो १.५९ पट व्हायला हवा. दीडपट झाला तर बाहेरचे लोक बरं काम केलंत म्हणतील, पण कॅरी शून्य. दुप्पट झाला आणि कॅच-अप (हर्डल ओलांडल्यावर आधीच्या नफ्यातलाही वाटा भरून मिळणं) पूर्ण असेल तर नफा १,५०० कोटी, त्याचे २० टक्के म्हणजे ३०० कोटी, आणि त्यातला तुझा पाच टक्के वाटा १५ कोटी. पूर्ण फंडाचा हिशेब एकत्र होत असेल तर हे पैसे सातव्या-आठव्या वर्षाआधी दिसत नाहीत. सौद्यागणिक वाटप असेल तर लवकर दिसतात, पण पुढचे सौदे बुडाले तर क्लॉबॅकनं परत द्यावे लागतात. ती परतफेड कर भरण्याआधीच्या रकमेवर आहे की नंतरच्या, हे आधी वाच.

दुसरी बाजू तुझ्या खिशाची. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गातल्या एआयएफमध्ये (पर्यायी गुंतवणूक निधी, तुमच्यासारखे फंड) व्यवस्थापकानं किंवा प्रायोजकानं निधीच्या २.५ टक्के किंवा ५ कोटी, यांतली कमी असेल ती रक्कम स्वतःची घालायची असा सेबीचा नियम आहे, आणि व्यवस्थापन शुल्क माफ करून ती भरून काढता येत नाही. मोठे गुंतवणूकदार मात्र त्या ५ कोटींहून जास्त मागतात. २ टक्के ठरले तर ३० कोटी, त्यात तुझा दहावा हिस्सा असेल तर ३ कोटी, तेही कर भरून उरलेल्या पैशातून, चार-पाच वर्षांत, फंड मागेल तेव्हा. त्यासाठी फंडच कर्ज देऊ करतो. ते घेण्याआधी एवढंच शोध: नोकरी सोडल्यावर किती दिवसांत फेडायचंय? तीस दिवस लिहिले असतील तर तू नोकरी सोडणार नाहीस, कारण काहीही असो. त्यापेक्षा पाच टक्क्यांऐवजी तीन टक्के कॅरी घे आणि स्वतःला झेपेल तेवढाच पैसा घाल.

आणि मन्या, करारातली सगळ्यात महत्त्वाची पानं कॅरीची नसतात, लीव्हरची, म्हणजे फंड सोडून जाणाऱ्याची असतात. नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करू नये अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही, म्हणून तिची फार काळजी करू नकोस. खरी बेडी आहे ती 'बॅड लीव्हर' (वाईट कारणानं गेलेला) ठरवून व्हेस्ट झालेली, म्हणजे हक्काची झालेली कॅरीही काढून घेणं. या व्याख्येत 'समितीच्या मते फंडाच्या हिताविरुद्ध वर्तन' असे शब्द असतील तर ते वगळायला लाव. बॅड लीव्हर फक्त फसवणूक, न्यायालयानं दोषी ठरवणं किंवा नियामकाचा अंतिम आदेश, एवढ्यावरच. आणि एक वाक्य घालून माग: फंडाच्या लेखी वगळणी यादीविरुद्ध (कुठल्या धंद्यात पैसा घालायचा नाही ती यादी) निर्णय झाला म्हणून कुणी सोडलं तर तो गुड लीव्हर. बहुधा तुमचे वकील कुरकुरतील. पूर्ण नाही तर निदान व्हेस्ट झालेला भाग सुरक्षित राहू दे. हे मागायची वेळ आत्ताच आहे, सही झाल्यावर तुझं कोण ऐकणार?

वगळणी यादीबद्दल. तंबाखू, दारू, जुगार लिहिणं सोपं आहे, पण यादी तिथेच थांबली तर तिचा उपयोग नाही. मी एक प्रश्न कामाचा मानतो: ग्राहकाचं नुकसान झाल्याशिवाय या कंपनीचा नफा वाढतो का? पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांचा धंदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून बंद केला. आदल्या दिवसापर्यंत तो वाढीचा धंदा म्हणून मिरवत होता. आंध्रात ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारनं सूक्ष्मकर्जावर वटहुकूम काढला आणि वसुली कोसळली; मुळात एकाच बाईला चार-चार संस्थांनी कर्ज दिलं होतं. जे नैतिकदृष्ट्या खटकत होतं तेच भांडवल बुडवून गेलं. समितीत बोलताना हा दुवा हातात ठेव, कारण तिथे तुझ्या विवेकापेक्षा गुंतवणूकदाराच्या पैशाची भाषा लवकर ऐकली जाते, आणि इथे दोन्ही एकच सांगतात.

अवघड असतात ते मधले सौदे: कर्ज देणारं ॲप, कंत्राटी माणसं पुरवणारी कंपनी, अंबरनाथ-तारापूरकडचा रसायनांचा कारखाना. तिथे चांगलं-वाईट वादानं ठरत नाही, तपासून ठरतं. सूक्ष्मकर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आत हवेत. उत्पन्नाच्या कागदांचा नमुना काढ; शेकडो कर्जदारांचं उत्पन्न नेमकं मर्यादेच्या आसपास भरलेलं दिसलं तर ते आकडे शाखेत बसून लिहिलेले आहेत. कर्ज कुठलंही असो, वसुलीच्या पन्नास फोनचं रेकॉर्डिंग स्वतः ऐक, सल्लागारावर सोपवू नकोस. सूक्ष्मकर्जात सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर, इतर कर्जांत सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला मनाई आहे; वेळा बघ, आवाजही ऐक.

कारखान्यात भविष्यनिर्वाह निधीची दोन वर्षांची चलनं घे आणि कंत्राटदाराच्या माणसांची संख्या गेटवरच्या नोंदवहीशी ताडून बघ. गेटमधून शंभर जण आत जातात आणि चलन साठांचं, हे नेहमीचं आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात जेवढं उत्पादन मंजूर आहे तेवढंच निघतंय का, ते विक्रीच्या टनांशी जुळव. सांडपाणी प्रक्रियेच्या यंत्रणेला वेगळा मीटर असेल तर त्याचं वाचन माग: उत्पादन वाढतंय आणि तिथली वीज तेवढीच, म्हणजे पंप रात्री बंद असतो. लघुउद्योगांची बिलं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायची असतात. ९० दिवसांची थकबाकी दिसली तर त्या कंपनीचा सुंदर कॅश फ्लो छोट्या पुरवठादारांच्या खिशातून आलाय.

असं काही सापडलं की लगेच सौदा सोडायचा असं नाही. बरेचदा पैसा आणि अट दोन्ही घेऊन जाणं जास्त उपयोगाचं असतं. फक्त 'क्लोजिंगनंतर (सौदा पुरा होऊन पैसे दिल्यावर) सहा महिन्यांत दुरुस्त करू' यावर समाधान मानू नकोस. क्लोजिंग झालं की सगळ्यांचं लक्ष पुढच्या सौद्याकडे जातं आणि ती दुरुस्ती कधीच होत नाही. गुंतवणुकीचा दुसरा हप्ता त्या दुरुस्तीवर अडवून ठेव. हे सगळं किंमत ठरण्याआधी टिपणात लिही. वकील आणि ऑडिटरांवर भरपूर खर्च झाल्यावर समितीतला प्रत्येक जण क्लोजिंगच्या बाजूनं असतो, तूही असशील.

पार्टनर झालास की कंपन्यांच्या संचालक मंडळावर बसशील. लोक समजतात की नॉमिनी, म्हणजे फंडानं नेमलेला संचालक, हा फंडाचा माणूस. कंपनी कायदा २०१३ चं कलम १६६ तसं म्हणत नाही: संचालकाचं कर्तव्य कंपनी, तिचे कर्मचारी, भागधारक, समाज आणि पर्यावरण यांच्या हिताचं आहे. हे कलम तुझ्या बाजूचं आहे, ते वापर. विरोध असेल तर बैठकीतच बोल आणि इतिवृत्तात नोंदवायला सांग. मसुदा १५ दिवसांत येतो, त्यावर शेरे पाठवायला ७ दिवस मिळतात. तुझं वाक्य गळलं असेल तर त्याच सात दिवसांत ईमेल कर. नंतर 'मी बोललो होतो' याला किंमत नसते.

स्वतःच्या शेअर व्यवहारांचं थोडक्यात: ज्या सूचीबद्ध कंपन्यांची आतली माहिती तुझ्यापर्यंत पोचू शकते तिथे ठरलेल्या मर्यादेवरच्या व्यवहाराला पूर्वपरवानगी, तिची मुदत सात ट्रेडिंग दिवसांची, आणि सहा महिने उलटा व्यवहार (घेतलेलं विकणं, विकलेलं घेणं) नाही; माहिती हातात असताना तर व्यवहारच नाही. मी तर म्हणेन सुटे शेअर बंदच कर, इंडेक्स फंडात पैसे टाक आणि विसरून जा. लग्नात-मुंजीत काका-मामा विचारतीलच, 'काय घेऊ रे?' 'हे घेऊ नका' एवढंही बोलू नकोस, तीही माहितीच असते.

वेळेचं गणित दिवसावर मांडू नकोस, तिमाहीवर मांड. क्लोजिंगच्या आधीचे पाच-सहा आठवडे घरी जेवायला पोचणार नाहीस, ते कबूल करून टाक. त्याच्या बदल्यात क्लोजिंगनंतरचा आठवडा कॅलेंडरवर आधीच अडवून ठेव आणि एका वेळी दोन क्लोजिंग अंगावर घेऊ नकोस. समितीची टिपणं ४८ तास आधी आली नाहीत तर विषय पुढे ढकलायचा, हा नियम पार्टनर म्हणून तूच आण. तुझ्या हाताखालच्या पोरांच्या रात्री त्यानं वाचतील. तुझं तबला शिकणं सुटलंय, ते परत सुरू कर. बीकेसीहून मेट्रो ३ नं दादर आता जवळ आलंय. गुरुवारी संध्याकाळी साडेसातनंतर कॉल नाही, एवढं जाहीर सांग. कारण सांगितलंस की लोक मान देतात, लपवलंस की तोच वेळ पहिला जातो.

देण्याबद्दलही विचारलं होतंस. करानंतरच्या उत्पन्नाचे तीन टक्के ठरव आणि दर महिन्याला जाऊ दे. नव्या करप्रणालीत दानावरची वजावट नाही, त्यामुळे सवलतीसाठी मार्चमध्ये घाईनं संस्था शोधायचं कारणही उरलं नाही. एक-दोनच संस्था निवड, लेखापरीक्षित हिशेब माग, आणि संगणक-इमारतींऐवजी तिथल्या कार्यकर्त्यांच्या पगाराला सलग तीन वर्षं पैसे दे. वस्तू द्यायला सगळे तयार असतात, पगाराला कुणी नसतं, म्हणून चांगली माणसं दोन वर्षांत सोडून जातात. सोशल स्टॉक एक्स्चेंजवरचे (सामाजिक संस्थांसाठीचा शेअर बाजाराचा विभाग) झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल रोखे आता १,००० रुपयांपासून घेता येतात, पण ते पैसे परत येत नाहीत, दानच ते. वहिनींनाही हे सांग.

सहीची मुदत कधी आहे ते कळव. त्याआधी लीव्हरची पानं आणि कर्जाचं परिशिष्ट मला पाठव, मी पेन्सिलनं खुणा करून देतो. पण वकील तुझा स्वतःचा घे, फंडाचा नको. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अभय