राखण

प्रिय मित्रा,

जय ख्रिस्त. मागच्या फोनवर तू विचारलंस ना, आत्म्यांची काळजी सोडून मंडळीत हे कचऱ्याचं आणि झाडांचं काय काढलंय म्हणून? तेव्हा नीट सांगता आलं नाही.

झालं असं की प्रीतिभोजनानंतर आम्ही नेहमीसारख्या प्लास्टिकच्या प्लेटा, ग्लास चर्चच्या मागे नेऊन पेटवले, काडी मीच लावली, आणि मागच्या घरातल्या आजी खोकत बाहेर आल्या, दोरीवरचे कपडे काढले, खिडकी लावून घेतली. एक शब्द बोलल्या नाहीत रे. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रात्री बायबलमधलं उत्पत्ती 2:15 काढलं. देवाने माणसाला बागेत ठेवलं ते मशागत करायला आणि राखायला. या राखण्याचा मूळ हिब्रू शब्द शामर, आणि दोनच अध्याय पुढे भावाला मारून आलेला काइन देवाला उलटून विचारतो, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? तिथेही तोच शब्द! उपासना सुटताना लहानपणापासून ऐकतो तो गणना 6:24 चा आशीर्वाद, परमेश्वर तुझं रक्षण करो, तोही शामरच. मग आजी आणि हवा हे दोन वेगळे विषय राहिले कुठे?

तू म्हणशील उत्पत्ती 1:28 मध्ये सत्ता चालवा लिहिलंय. लिहिलंय, पण लेवीय 25:23 मध्ये देव स्पष्ट म्हणतो जमीन माझी आहे, तुम्ही उपरे. आपण कारभारी, मालक नाही. आणि निर्गम 23:11 बघ, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, त्यात उगवेल ते गरिबांनी खायचं, त्यांचं उरलेलं रानातल्या जनावरांनी. जमिनीचा विसावा, गरिबाचं पोट, जनावर, सगळं एकाच वचनात! पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या परिपत्रकात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितला तेव्हा मला ते नवीन वाटलं होतं, आता वाटत नाही.

आजींची माफी मागून आलो. आता स्टीलची ताटं आहेत, जेवणं झाली की आम्ही चौघं घासायला थांबतो. मागची ती काळी जागा खणायला घेतलीय, झाडं लावायचीत, पण वितळलेलं प्लास्टिक मातीला असं चिकटलंय की हातानेच एकेक तुकडा सोडवावा लागतो. निम्मीसुद्धा झाली नाही अजून. येशील तेव्हा एक सकाळ माझ्यासाठी मोकळी ठेव.

तुझाच