मनू, मेकॅट्रॉनिक्सच घे

प्रिय मनू,

रविवारी गच्चीवर तू विचारलंस, आई मेकॅनिकल झालं, आता एमटेकला मी मेकॅट्रॉनिक्स, म्हणजे मशीन आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र, घेऊ की सरळ आयटीत जाऊ, आणि मी वाळत घातलेली गादी उलटत गप्प राहिले. तुला वाटलं असेल आईला यातलं काय कळणार. तसं नाही गं, मला समोरासमोर पटकन बोलता येत नाही. आज सेकंड शिफ्ट करून आले, बाबा झोपलेत, झोप काही येईना म्हणून फोनवर टाइप करत बसलेय, चुका झाल्या तर समजून घे.

घे. मेकॅट्रॉनिक्सच घे. मामा म्हणतो मेकॅनिकलच्या पोरीने इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेलं की धड इकडची ना धड तिकडची होते. मामाचं तुझ्यावर प्रेम आहे, पण मधे कोणीच नसलं की काय होतं ते त्याने बघितलं नाहीये, मी बघितलंय.

तू सहावीत होतीस तेव्हाचं. मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिथला वायरिंग हार्नेसचा, म्हणजे गाडीतल्या वायरींच्या जुडग्यांचा, अख्खा लॉट परत आला होता. गाड्या खराब रस्त्याला लागल्या की मधेच एरर दाखवत होत्या आणि सपाट रस्त्यावर सगळं ओके. इलेक्ट्रिकलवाले म्हणाले आमची कंटिन्यूटी, म्हणजे करंट जातो की नाही ती तपासणी, पास आहे, टूलरूमवाले म्हणाले आमचा डाय चांगला आहे, गाडीकडचे लोक म्हणाले सेन्सरचा सिग्नल तुटतोय बाकी आम्हाला माहीत नाही. मग राहिलं कोण, तर वायरींवर टर्मिनल दाबणाऱ्या प्रेसवर बसलेली बाई, म्हणजे मी. मला ठपक्याचा मेमो मिळाला. त्या रात्री मी स्वयंपाकघरात ब्लेडने एक क्रिंप, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टर्मिनल, उभा कापून बघत होते आणि तू शेजारी बसून विचारत होतीस आई तू रडतेयस का. मी काय उत्तर दिलं आठवत नाही, पण कापलेल्या टर्मिनलमध्ये तांब्याच्या तारांच्या मधे बारीक बारीक पोकळी राहिली होती ती मला अजून दिसते. घट्ट दाबलेल्या क्रिंपमध्ये सगळ्या तारा एकमेकींत घुसून एकच गोळा दिसायला पाहिजे.

आठ-दहा दिवसांनी कस्टमरकडून एक तरुण मुलगा आला. तो मीटिंगमध्ये बसला नाही, माझ्या प्रेसशेजारी स्टूल टाकून बसला आणि दर शंभर पीसला मायक्रोमीटरने क्रिंपची हाइट मोजून वहीत लिहीत गेला. सकाळी हाइट बरोबर, जेवणाच्या सुट्टीनंतर पाच-सहा शतांश मिलिमीटरने जास्त. प्रेसच्या धक्क्यांनी ॲप्लिकेटरची, म्हणजे टर्मिनल दाबणाऱ्या साच्याची, बैठक सैल होत होती! बेंचवर तारा एकमेकींना टेकलेल्या, म्हणून कंटिन्यूटी पास, आणि गाडी हादरायला लागली की टेकणं सुटायचं. चूक मशीनच्या बोल्टमध्ये, दिसायची सिग्नलमध्ये आणि बोलणी खायची मी. मी त्याला विचारलं तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटचे, तर म्हणाला ताई, मी मेकॅट्रॉनिक्स केलंय. हा शब्द मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. पुढे तूच सांगितलंस की जपानच्या यास्कावा कंपनीत १९६९ मध्ये तो तयार झाला, मेकॅनिझम आणि इलेक्ट्रॉनिक्स जोडून. मेमो मात्र कोणी मागे घेतला नाही. त्याचं वाईट वाटायचं ते वाटतंच.

दुसरं म्हणजे सिन्नरच्या काकांची गाडी. पावसाळ्यानंतर डॅशबोर्डवर तीन-तीन दिवे एकदम लागायचे आणि गॅरेजवाल्याने सांगितलं मॉड्यूल बदलावं लागेल. तू बॅटरी काढलीस, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनवर मल्टिमीटर लावलास आणि म्हणालीस आई, इथे ६० ओहम पाहिजे, १२० येतंय, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या कॅन लाइनच्या दोन टोकांना जे १२०चे रेझिस्टर असतात, दोन्ही मिळून ६० दाखवतात, त्यातलं एक टोक तुटलंय. मग आपण दोघी एकेक कनेक्टर उघडत गेलो, आणि एकात पिन मागे सरकलेली मला बोटालाच कळली. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, ढकल, टिच ऐक, मग हलकं ओढून बघ. मी पिन बसवली, टिच वाजलं, तू मीटर लावलास, ६०. काकांनी गाडी चालू केली तर सगळे दिवे गेलेले. त्या दिवशी तुला मोजून कळलं आणि मला हाताने कळलं, आणि एकटीच्याने ते झालं नसतं.

ती कॅनची पिळलेली जोडी मी कित्येक वर्षं हार्नेसच्या बोर्डवर टाकत आलेय. कनेक्टरजवळ पीळ जास्त उकलू नका असं आम्हाला सांगायचे, का ते कोणी सांगितलं नाही. तू सांगितलंस, की शांत असताना दोन्ही वायरींवर अडीच व्होल्ट, मेसेज जाताना एक साडेतीनकडे जाते आणि दुसरी दीडकडे, आणि घेणारा फक्त दोघींतला फरक बघतो, त्यामुळे बाहेरची गडबड दोघींवर सारखीच आली तर फरकात ती दिसतच नाही, आणि सारखी यावी म्हणूनच पीळ. केवढी सुंदर गोष्ट आहे गं ही! बॉशने हे १९८६ मध्ये जगापुढे आणलं, आणि त्याच बॉशचा आपल्या सातपूरला कारखाना, ज्याला आपले लोक अजून मायकोच म्हणतात. मायको सर्कलवरून जाताना आता मला दर वेळी तुझं हे बोलणं आठवतं.

गणिताची भीती वाटते म्हणालीस. कंट्रोल सिस्टिम, लाप्लास, एम्बेडेड, सगळं अंगावर येईल. येईलच. मेकॅनिकलच्या चार वर्षांत सर्किट किती शिकवलं ते तूच सांगतेस, मग पहिलं सेमिस्टर जड जाणारच, ते धरून चाल आणि आत्तापासून रोज तासभर सी प्रोग्रामिंग आणि सिम्युलिंक सॉफ्टवेअर घेऊन बस. पण ब्रेकच्या एबीएसचं बघ, चाकाशेजारचा सेन्सर फिरण्याचा वेग मोजतो, चाक लॉक व्हायला लागलं की ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, व्हॉल्व्ह उघडून ब्रेकचं प्रेशर सोडतो, परत धरतो, एका सेकंदात कितीतरी वेळा. यातलं ब्रेक तुला येतं, तेल आणि प्रेशर येतं, चाक रस्त्याला कसं धरतं ते येतं. नुसतं कोडिंग शिकलेल्याला ते परत पहिल्यापासून शिकावं लागेल. तू अर्धा रस्ता चालून आलीयेस, आयटीत गेलीस तर तो अर्धा रस्ता वाया जाईल, मला तेच नको आहे.

आता पुणे की जर्मनी. गेट परीक्षेच्या स्कोअरवर इथे एमटेकला महिना १२,४०० स्टायपेंड मिळतो, घर जवळ, वेताळ टेकडीवर गाड्या तपासणारी एआरएआय संस्था. जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही, पण स्टुटगार्टच्या राज्यात आपल्यासारख्या बाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत, ते नीट वाच. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो दाखवायचे, महिन्याला ९९२ हातात येणार. ते आपण करू. माझा पीएफ आहे, बाबांची एफडी आहे, उरलेलं लोन. पाटल्यांना हात लावायची वेळ आली तरी मला दुःख नाही, त्या मी तुझ्यासाठीच ठेवल्यात. पैशाच्या भीतीने पुणे निवडू नकोस आणि लोकांना सांगायला बरं वाटतं म्हणून जर्मनीही निवडू नकोस.

मला विचारशील तर कॉलेजचं नाव बघायच्या आधी लॅब बघ. एचआयएल बेंच, म्हणजे खरा ईसीयू कॉम्प्युटरवरच्या खोट्या गाडीला जोडून तपासायचा बेंच, खरा आहे का, मुलांना त्याला हात लावू देतात का, की काचेआड ठेवलाय. थिसिस कंपनीत करता येतो का. फंक्शनल सेफ्टी, म्हणजे गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं तरी धोका होऊ नये याचे नियम, ते आयएसओ २६२६२, पेपरापुरतं आहे की एखादा खरा ब्रेक किंवा स्टिअरिंग घेऊन शिकवतात. शिकून गेलेल्या दोन-तीन मुलांना मेसेज कर, लाजू नकोस. आमच्या बोर्डवर आता ईव्हीच्या नारंगी हाय व्होल्टेज केबल यायला लागल्यात, जाडजूड, त्यांना हात लावायची ट्रेनिंगच वेगळी. पुढे ज्या गाड्या येणार त्यात मेकॅनिकल कुठे संपतं आणि इलेक्ट्रॉनिक्स कुठे सुरू होतं ते वेगळं काढताच येणार नाही, आणि ते बनवणाऱ्यांत तू असावीस असं मला मनापासून वाटतं.

एकच मागणं आहे. पुढे इंजिनिअर म्हणून कुठल्या शॉपफ्लोअरवर गेलीस आणि काही बिघडलं तर त्या मुलासारखी आधी प्रेसवरच्या बाईशेजारी स्टूल टाकून बस.

शनिवारी येतेस ना, दोन्ही ऑफर लेटरच्या प्रिंट आण, गेटचं स्कोअरकार्ड पण. सोमवारी अकराला बँकेत लोनचं विचारायला जायचंय, मी हाफ डे टाकलाय. आणि माझा मल्टिमीटर तुझ्याकडेच राहिलाय, तो आण.

तुझी,
आई