नदी वाचवायची तर तिचा पसाराही वाचवा

संपादक महोदय,

पुराच्या बातम्या नुकसानीपाशीच थांबतात, हे समजण्यासारखे आहे. पण उष्ण प्रदेशातल्या सपाट खोऱ्यांत पूर हाच कित्येक माशांच्या विणीचा आणि वाढीचा काळ असतो. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात माशांच्या २,००० हून अधिक जाती आहेत. एकट्या मुख्य पात्रात एवढ्या कशा सामावतील? संथ फाटे, पाणवनस्पतींनी झाकलेली तळी, बुडालेले जंगल, सगळीकडची मासळी वेगळी! तिथला तांबाकी मासा पुराबरोबर झाडांत शिरतो आणि दाढांसारख्या दातांनी रबराच्या कठीण बिया फोडतो. पाण्यातला प्राणवायू घटला की त्याचा खालचा ओठ फुगून पुढे येतो आणि तो पृष्ठभागावरचे पाणी ओढून घेतो. मला हे फार विलक्षण वाटते.

कंबोडियात तर पावसाळ्यात मेकाँग नदीचे पाणी तोन्ले साप नदीतून उलटे वाहत त्याच नावाच्या तलावात शिरते. उन्हाळ्यातला सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचा तलाव अनेक पटींनी पसरतो.

पूरभिंत बांधली की असे तळे नदीपासून तुटते. पाणी दिसत राहते, पण माशांची ये-जा थांबते. म्हणून कोणत्याही नदीवरच्या बांधकामाला मंजुरी देण्याआधी फक्त पात्रातले मासे मोजू नयेत. आजूबाजूची तळी आणि फाटेही, पुरात आणि उन्हाळ्यात असे दोन्ही वेळा, पाहिले जावेत. त्यांना नदीशी जोडणारे ओहोळ मोकळे ठेवण्याची अट मंजुरीतच घालावी.

– एक वाचक